कूलरच्या शेडमधला कारखाना

दिल्लीच्या एका निर्यातदाराने आमच्या बायकांना फसवलं, आणि ज्या परदेशी कंपनीसाठी तो माल बनवून घेतो, तिने आनंदाने स्वतःला फसवून घेतलं. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी बरंच काही प्रेमाने लिहिणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटायला नको की माझा राग निवळला. निवळलेला नाही.

लग्न होऊन मी भोपाळला आले तेव्हा नवरा इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात टेक्निशियन होता. क्वार्टर मिळालं होतं, पगार बरा होता, शेजारीपाजारी नागपूर-पुण्याकडची घरं होती. बाकीच्या बायका दुपारी झोपायच्या. मला दुपारी झोप येत नाही, आजही येत नाही. मी इंदूरहून ब्लाउजपीस आणून क्वार्टरोक्वार्टरी विकायला लागले. भाव करायला मला कुणी शिकवलं नाही. एकच गोष्ट अनुभवाने समजली की सौदा जमत नसेल तर सामान पिशवीत भरायचं आणि दाराकडे चालू लागायचं. उंबऱ्याच्या अलीकडे माणूस हाक मारतोच.

एकदाच नाही मारली. कोटरा सुल्तानाबादच्या एका गल्लीत एक बाई मखमलीवर मोत्यांचं काम अप्रतिम करते असं ऐकून मी तिच्याकडे गेले होते. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न होतं, ब्लाउजच्या बाह्या भरून हव्या होत्या. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत अड्डा, म्हणजे कापड ताणून बांधायची लाकडी चौकट, खाटेएवढी. तिच्यामागे माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, पांढरी ओढणी घेतलेली, सडपातळ बाई. तिने भाव सांगितला. मी हसले, पीस पिशवीत टाकला आणि दाराशी जाऊन चपला घालू लागले.

मागून शांत आवाज आला, "बाई, चप्पल उलटी पहन ली आपने. आराम से पहनिए. मैं बुलाने वाली नहीं हूँ."

मी खाली पाहिलं. खरंच उजव्या पायाची डाव्यात घातली होती. मी परत येऊन बसले. तिने चहा टाकला, तो भोपाळी, मीठ घातलेला. मी पहिला घोट घेऊन तोंड वाकडं केलं तशी ती म्हणाली, "भाव भी ऐसा ही है हमारा. पहले अजीब लगता है."

त्या दिवसापासून ती माझी बाजी, म्हणजे मोठी बहीण, आणि मी तिची 'बाई'. मराठी बाईला बाईच म्हणायचं असतं असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिचा नवरा नव्हता, मुलगी लग्न होऊन बीना गावी. हातातली कला तिला आईकडून आलेली. आणि मी हे मान्य करते की आयुष्यात मला भावात हरवलेलं ते एकच माणूस.

पुढे आम्ही बटवे करायला लागलो. भोपाळी बटवा, मोत्यांनी भरलेला, घुंगरांसारखे लटकन असलेला. बाजी नमुना काढायची, मी विकायची. हळूहळू कोटरा आणि नेहरू नगरच्या बायका जोडल्या गेल्या. कुणी स्वयंपाक उरकून दुपारी करायची, कुणी पोरं शाळेत गेल्यावर. कापलेले तुकडे आणि मण्यांच्या पुड्या मी घरोघर पोचवायची, झालेला माल गोळा करायची. फार बारीक काम असेल ते बाजीच्या अड्ड्यावर, चौघी-पाचजणी एकत्र बसून. तिथे कामापेक्षा जास्त बोलणं व्हायचं आणि तरी काम वेळेत व्हायचं, हे गणित मला कधी सुटलं नाही.

हस्तकलेच्या एका मेळ्यात आमचा स्टॉल पाहून दिल्लीचा हा निर्यातदार आला. गोड माणूस. पहिल्या वाक्यात 'दीदी', दुसऱ्या वाक्यात 'आप तो घर की हैं'. मी त्याच्याशी दोन तास भांडून दर ठरवला. तो घाम पुसत उठला आणि म्हणाला, "दीदी, आप दिल्ली में होतीं तो मैं धंधा बंद कर देता." हे ऐकून मी खूश झाले. आज वाटतं, खूश झालेल्या माणसाला लुबाडणं सगळ्यात सोपं असतं. हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं.

चार-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याचा फोन आला. "दीदी, विदेश से कंपनी की मैडम आ रही हैं. सब औरतों से मिलना है. वो गली-गली कहाँ घूमेंगी? एक जगह जमा कर लीजिए ना. बड़ी जगह देखिए, जहाँ पंखे हों."

पाहुणी येणार म्हटल्यावर माझं डोकं दुसऱ्याच दिशेने चाललं. सोनागिरीच्या मागे औद्योगिक भागात माझ्या नवऱ्याच्या मित्राची शेड आहे. तो कूलरच्या पत्र्याच्या बॉड्या बनवतो. हिवाळ्याचे दिवस होते, शेड रिकामी होती. आम्ही ती धुऊन घेतली. बायकांचे अड्डे टेम्पोतून आणले. घरोघरचे टेबलफॅन आणले, भर हिवाळ्यात. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती आणि रथसप्तमी यायची होती, त्यामुळे माझ्या मनात आलं की एवढ्या बायका जमणारच आहेत तर हळदीकुंकूच करू. दारात मोठी रांगोळी काढली. मोगऱ्याचे दिवस नव्हते, म्हणून शेवंतीच्या वेण्या. ज्यांना कुंकू चालत नाही त्यांच्या हाताला अत्तर. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या.

बाजी ईदचा सूट घालून आली. एकीने सोन्याचा हार घातला होता, तिला मी म्हटलं, "अगं, तू काम करताना दिसायचंयस, बारात में नहीं जाना है." ती म्हणाली, "आंटी, फोटो निघणार. फोटोत गरीब का दिसायचं?"

मॅडम आल्या. गोऱ्या, उंच, हसऱ्या. त्यांच्याबरोबर एक तपासनीस होता, हातात टॅब घेतलेला. तो बोटाने टिकटिक करत फिरत होता. पंखे आहेत? टिक. दरवाजे किती? टिक. दिल्लीवाला त्याच्या कानाशी. मॅडमना मी कुंकू लावलं, वेणी माळली, वाटी दिली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी बाजीचा हात हातात घेऊन इंग्रजीत काहीतरी म्हटलं. दिल्लीवाल्याने सांगितलं, "कह रही हैं, ऐसी खुशहाल फ़ैक्टरी उन्होंने कहीं नहीं देखी."

फॅक्टरी हा शब्द मी ऐकला. मला वाटलं, म्हणतात तसं. आमच्याकडे चार मशीनं असलेल्या पिठाच्या गिरणीलाही लोक फॅक्टरी म्हणतात.

संध्याकाळी टेम्पोतून अड्डे परत गेले. उन्हाळ्याच्या तोंडावर शेडमध्ये कूलरचे पत्रे आले.

त्यानंतर कामं वाढली. काळ्या मखमलीवर काळे मणी, ही त्या कंपनीची आवड. रात्रीच्या पार्टीला घ्यायच्या पर्स. बाजी म्हणायची, "गोरे लोग हैं, काला पसंद करेंगे ही." ती सगळ्यात अवघड नमुने स्वतःकडे ठेवायची.

ह्याच काळात ती चहा सांडायला लागली. डाव्या बाजूला ठेवलेला कप तिला दिसायचाच नाही. हात लागून पडायचा. आधी आम्ही हसायचो. "बाजी, चाय पीनी नहीं है तो बोल दो, ज़मीन को क्यों पिलाती हो?" मग ती दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागली. गल्लीत डावीकडून येणारी स्कूटर तिला शेवटच्या क्षणी कळायची आणि ती स्कूटरवाल्यालाच शिव्या घालायची, इतक्या नजाकतीने की तो माफी मागून जायचा.

मी एकदा म्हटलं, "बाजी, डोळे दाखवून ये."

तिने समोर सुई धरली, सगळ्यात बारीक, मण्यांची. दोरा जिभेवर ओला केला आणि एका झटक्यात ओवला. "लो. अब बोलो."

आमच्या कामात डोळ्यांची परीक्षा हीच. सुईत दोरा जातो, डोळे शाबूत. जिचा दोरा चुकू लागतो ती चष्मा करते. आईपासून मुलीपर्यंत सगळ्या हेच मानत आल्या आणि मीही मानलं. बाजीच्या सुईत दोरा कधी चुकला नाही.

मागच्या दिवाळीच्या आधी दिल्लीवाल्याशी नव्या दराची बोलणी करायची होती. बोलणीला रिकाम्या हाताने जाणं मला पटत नाही. समोरचा माल पुढे कसा विकतो, कुठे विकतो, हे माहीत असलं की माणसाचा आवाजच वेगळा लागतो. मी सुनेला कामाला लावलं.

माझी सून पुण्याची. ती आणि माझा मुलगा नेहरू नगरला राहतात. घरी बसून कॉम्प्युटरवर नोकरी करते, दिवसभर कानाला यंत्र लावून कुणाशी तरी इंग्रजीत भांडते, म्हणून मला ती पहिल्यापासून आवडली. माझ्या मराठीवर हसते. मी "भाव-ताव करायला जातेय" म्हटलं की म्हणते, "आई, तुम्ही मराठीत भांडता की हिंदीत, एकदा ठरवा." मी म्हणते, "मी जिंकते त्या भाषेत भांडते."

तिने कंपनीची साइट उघडली. आमची पर्स तिथे होती, काचेसारख्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर, एकटी, राणीसारखी. मी हात लावायला गेले, तिने माझा हात बाजूला केला. "आई, स्क्रीन आहे." पर्सच्या खाली एक ओळ होती, ही कुठे बनली ते पाहा. तिने ती दाबली.

ती समजावून सांगत होती. परदेशात ग्राहकांनी आरडाओरडा केल्यावर पुष्कळ कंपन्यांनी आपला माल कुठल्या कुठल्या कारखान्यात बनतो हे उघड करायला सुरुवात केली. मग काही लोकांनी त्या सगळ्या याद्या एकत्र करून जगाचा एक नकाशा केला. कुणालाही फुकट बघता येतो. एकेक कारखाना म्हणजे एकेक ठिपका. कुठे मुलं कामाला ठेवतात का, कुठे आग लागली तर बाहेर पडायला दार आहे का, हे कुणीही बसल्या जागी तपासून पाहावं, म्हणून.

"आणि हे कोण तपासतं?" मी विचारलं.

"ज्याला गरज असेल तो."

नकाशा मोठा होत होत भोपाळवर आला. सोनागिरीच्या मागे एक ठिपका. तिने तो दाबला आणि एक फोटो उघडला. दारातली रांगोळी. माझी रांगोळी. मी ठिपक्यांची नाही, मुक्तहस्त काढते, डाव्या कोपऱ्यात मोर. मोर मला लगेच ओळखू आला.

"अगं, ही तर आपली शेड!"

"थांबा," सून म्हणाली आणि वाचायला लागली. तिचा आवाज हळूहळू बदलत गेला. ह्या कारखान्यात हाताने भरतकाम होतं. कामगार होते, आमच्या बायकांच्या कितीतरी पट. सगळं काम एकाच छताखाली. घरी काम देणं, नाही. पाळणाघर, आहे. पाळणाघर! कूलरच्या पत्र्यांत! आणि मग ती थांबली.

"वाच."

"डोळ्यांची तपासणी. दरवर्षी, सर्व कामगारांची. पूर्ण. शेवटची ह्याच वर्षी."

मी हसले. खरंच हसले. एवढं धडधडीत खोटं ऐकून आधी हसूच येतं. सून हसली नाही. तिला बाजीचे सांडलेले चहा माहीत होते. तिच्या पुण्याच्या आजोबांचं असंच झालं होतं, मधोमध दिसायचं, बाजूचं दिसायचं नाही. ती म्हणाली, "आई, आपण उद्या बाजींना डॉक्टरकडे नेऊ. बोलणी नंतर करा."

बाजीला न्यायला तिच्याशी भांडावं लागलं. मी तिला नकाशातलं सांगितलं तशी ती म्हणाली, "तो मेरी आँखों की जाँच हर साल हो रही है और मुझे ही ख़बर नहीं? फिर अब क्यों जाऊँ, हो तो गई!" सुनेने तिचा हात धरला आणि म्हणाली, "बाजी, माझ्यासाठी चला." सुनेला ती नाही म्हणत नाही. माझ्याच सुनेला माझ्यापेक्षा जास्त मान देते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बाजीला यंत्रासमोर बसवलं, दिवे लुकलुकताना दिसले की बटण दाबायला सांगितलं. डावीकडचे दिवे लागत होते, विझत होते, तिचं बोट हलत नव्हतं. मी बाजूला उभी राहून बघत होते. मला सगळे दिवे दिसत होते.

काचबिंदू. डाव्या डोळ्याची नजर बहुतेक गेली होती, उजव्याची कडेने जात होती. हा आजार दुखत नाही, मधली नजर शेवटपर्यंत राहते, म्हणून कळत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गेलेली नजर येत नाही. उरलेली थेंबांनी टिकवता येते, आयुष्यभर न चुकता घातले तर.

"यह काम की वजह से हुआ?" मी विचारलं.

"नहीं. काम से नहीं होता. लेकिन तीन-चार साल पहले कोई जाँच करता तो पकड़ में आ जाता."

तीन-चार वर्षांपूर्वी. म्हणजे आमच्या शेडमध्ये शेवंतीच्या वेण्या होत्या तेव्हा. टिक.

मी घरी येऊन दिल्लीला फोन लावला. नवऱ्याने आधी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि मग बाल्कनीचं दार लावून घेतलं, शेजाऱ्यांसाठी.

"दीदी! बड़ी उम्र है आपकी, अभी याद कर रहा था."

"डोळ्यांची तपासणी कुणाची केलीत?" मी मराठीतच विचारलं. मग हिंदीत विचारलं.

त्याला वेळ लागला समजायला. समजल्यावर तो हसला. "अरे दीदी, वो तो काग़ज़ी चीज़ है. सब करते हैं. बायर को बॉक्स भरा हुआ चाहिए." मी बाजीचं सांगितलं. तो खरंच हळहळला, हे मी खोटं बोलणार नाही. मग त्याचा आवाज व्यापाऱ्याचा झाला. "पर डॉक्टर ने बोला ना, काम से नहीं हुआ? तो हमारी ज़िम्मेदारी कैसे?"

"मैं काम का पूछ ही नहीं रही. मैं जाँच का पूछ रही हूँ. जाँच हुई, लिखा है. किसकी हुई?"

तो मग म्हणाला की ह्या वर्षी दुप्पट काम देतो, दरही मी म्हणेन तो. फक्त हा विषय इथेच सोडा. आणि नाही सोडलात तर कंपनी एका दिवसात भोपाळ सोडेल, घरी बसून काम करणाऱ्या बायका त्यांच्या नियमात बसतच नाहीत. "नुक़सान आपकी औरतों का होगा दीदी. मेरा क्या है, मैं बरेली से करवा लूँगा."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला मी मागेन तो दर देत होता. आणि मला फोन भिंतीवर मारावासा वाटत होता. मारला नाही, तो माझा होता.

दुसऱ्या दिवशी बाजीच्या पुढच्या खोलीत सगळ्या जमल्या. मी काही लपवलं नाही. नकाशावर कुणीही दुरुस्ती पाठवू शकतं, सून पाठवायला तयार आहे. पाठवली तर हे काम जाईल. नाही पाठवली तर दुप्पट काम आणि दर माझा.

सोन्याच्या हारवाली म्हणाली, "आंटी, मेरे दो बच्चे हैं. मुझे काम चाहिए." तिचं काही चुकलं नव्हतं. दुसरी म्हणाली, "सजावट तो हमने ही की थी. अब किस मुँह से बोलें?" माझं डोकं सटकलं. "आपण पाहुणीचं स्वागत केलं! खोटं त्यांनी लिहिलं. रांगोळी काढली म्हणजे पाळणाघर काढलं का मी?"

"चिल्लाओ मत बाई," बाजी म्हणाली. "पड़ोस में बच्चा सोया है."

तिने सुनेला विचारलं, त्या नकाशावर आणखी किती ठिपके आहेत. सुनेने सांगितलं, मोजता येणार नाहीत इतके. जगभर.

"तो वहाँ भी कोई बैठी होगी," बाजी म्हणाली. "सुई में धागा डाल के समझती होगी कि आँख ठीक है. और ऊपर लिखा होगा कि जाँच हो गई. पढ़ने वाला पढ़ेगा और चैन से सो जाएगा." तिने मांडीवरचा दोरा गुंडाळून ठेवला. "मेरी तो गई. बाक़ी सबकी आँखें पहले दिखवा लो, आज ही. फिर भेजो. जिसको काम छूटने का डर है, उसका मैं बुरा नहीं मानूँगी."

मग ती सोन्याच्या हारवालीकडे वळली, पूर्ण मान फिरवून, आता तिला तसंच बघावं लागतं. "तू रो मत. ये बाई है ना, ये पत्थर को भी बटवा बेच देगी."

दुरुस्ती लिहिताना मी आणि सून भांडलो. मला पहिल्या ओळीत 'चोर' हवं होतं. ती म्हणाली, "आई, ते वाचणारे शिव्या गाळून टाकतात. जे घडलं तेवढंच लिहू." तिने लिहिलं. इथे कारखाना नाही, कूलरची शेड आहे. काम घरोघर होतं. तपासणी कधीच झाली नाही. शेडचा आताचा फोटो जोडला. गेल्या हंगामात उरलेल्या कूलरच्या पत्र्यांच्या थप्प्या, दारात नवऱ्याचा मित्र, कमरेवर हात. तेच सगळं कंपनीने जाहीर केलेल्या तक्रारीच्या पत्त्यावरही पाठवलं. शेवटी मी एक प्रश्न घालायला लावला, तो तिने जसाच्या तसा घातला.

कंपनीचं उत्तर आलं, आभाराचं. त्यांना आमची काळजी वाटते, ते चौकशी करत आहेत. थंडी सरली तेव्हा सुनेने नकाशा पुन्हा उघडला. सोनागिरीमागचा ठिपका फिका झाला होता. 'सध्या माल घेतला जात नाही', एवढंच. आणि दुसरं पत्र, की त्या कारखान्याशी आता त्यांचा संबंध उरलेला नाही. कुठल्या कारखान्याशी? जो नव्हताच त्याच्याशी संबंध तोडून मोकळे! बायका आधीही त्यांच्या यादीत नव्हत्या, आताही नाहीत. दिल्लीहून मखमल येणं बंद झालं.

दगडाला बटवा विकणं बाजीला वाटतं तितकं सोपं नाही. पण मी उभी आहे. इंदूरच्या दोन दुकानांना पटवलं, लग्नातल्या ओटीच्या पिशव्या आणि पूजेचे बटवे करतो. लाल, हिरवे, पिवळे. काळ्यावर काळं मी आता कुणाकडूनच घेत नाही. सोन्याच्या हारवालीला अजून पुरेसं काम देता आलेलं नाही. ती माझ्याशी नीट बोलत नाही आणि मी तिला दोष देत नाही. सगळ्यांच्या तपासण्या आम्ही करून घेतल्या. आणखी एकीच्या डोळ्यांत सुरुवात सापडली. अगदी सुरुवात. तिची नजर राहील, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाजीचे थेंब सकाळी तिची शेजारीण घालते आणि रात्री मी फोनवर विचारते. "डाले?" "डाले." "सच?" "ख़ुदा को हाज़िर-नाज़िर जान के डाले, वकील साहिबा." आता ती अड्ड्याच्या डाव्या टोकाला बसते, म्हणजे सगळ्याजणी तिच्या उजवीकडे येतात. चहाही उजवीकडे. बारीक काम कमी करते आणि दुसऱ्यांच्या कामात चुका काढते. त्यात तिला पूर्वीपेक्षा जास्त मजा येते. मागच्या आठवड्यात तिने मी शिवलेला लटकन उसवायला लावला. "बाई, ये घुंगरू है या लौकी?" लौकी म्हणजे दुधी. माझ्याशी अशी बोलणारी दुसरी कुणी असती तर मी घराबाहेर काढली असती. बाजीच्या समोर मी गुपचूप उसवत बसते.

तिला राग नाही. ती म्हणते, जाने दो. माझं जात नाही. तिचा राग मी माझ्याकडे घेतला आहे, तिला तेवढं ओझं कमी.

तर मी विचारते आहे. दिल्लीवाल्याला, त्या टॅबवाल्या तपासनिसाला आणि त्या कंपनीला, जिने जगासमोर पान उघडं ठेवलं आणि वाचून कुणी बोललं तशी पान फिकं करून टाकलं. सुनेने पाठवलेल्या पत्राच्या शेवटी हाच प्रश्न आहे, आणि त्याला आजवर कुणी हात लावलेला नाही. तुम्ही लिहिलंत की दरवर्षी सर्व कामगारांचे डोळे तपासले. कुणाचे तपासले? त्या बाईचं नाव सांगा. तिला माझ्यासमोर आणा. आणि अशी बाई नसेल, तर हे ज्याने लिहिलं त्याने कोटऱ्याला यावं, बाजीच्या डाव्या बाजूला बसावं, आणि हेच तिला सांगावं.